फुडच्या राऊंडाक गावतला

४ जून २०२४ या दिवशी सिंधुदुर्गात कोणाचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात नारायण राणे की विनायक राऊत, याचा फैसला व्हायचा होता. चहाच्या टपरीपासून मच्छी मार्केटपर्यंत सगळीकडे कितव्या फेरीत कोण किती पुढे, एवढंच चाललं होतं. राणे निवडून आले, गुलाल उडाला, आणि त्याच गदारोळात ‘नीट’चा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला. जाहीर झालेली तारीख १४ जून होती. निकाल दहा दिवस आधीच येऊन थडकला. माजघरात मोठी माणसं मतांची बेरीज करतायत आणि आतल्या खोलीत पोर मोबाईलवर दुसऱ्याच निकालाचं पान उघडायची खटपट करतंय, असं त्या रात्री जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत झालं.

लोकसभेचा निकाल लागला की लागला. नीटचं तसं नाही. त्या वर्षी ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे तब्बल ६७ निघाले. मग १,५६३ जणांना वेळ कमी मिळाल्याबद्दल वाढीव गुण दिल्याचं बाहेर आलं, ते गुण काढून घेतले गेले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली. पेपरफुटीचा तपास बिहार, झारखंडवरून लातूरपर्यंत आला. परीक्षाच रद्द करा म्हणून याचिका गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला ती मागणी नाकारली, २६ जुलैला सुधारित निकाल आला आणि ६७ चे १७ झाले. म्हणजे ५ मेला परीक्षा दिलेल्या मुलाला आपला खरा क्रमांक कळायला जुलैचा शेवटचा आठवडा उजाडला. आणि हा नुसता क्रमांक झाला. कॉलेज अजून दूरच होतं.

विलायतेत किंवा अमेरिकेत डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी मुलाखत असते आणि मुलं तिच्या निर्णयाची वाट पाहत बसतात. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आयांना १५ ऑक्टोबर ही तारीख पाठ असते, कारण त्याच्या आधी तिथली बहुतेक कॉलेजं होकार कळवत नाहीत. त्यानंतर होकार, नकार किंवा ‘वेटलिस्ट’ यांतलं काहीतरी थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कधीही येऊ शकतं. आपल्याकडे मुलाखत नाही, तरी वाट पाहणं तेवढंच आहे. त्या वाट पाहण्याची जात मात्र वेगळी. तिथे कुणीतरी तुमच्याशी बोललेलं असतं आणि तुमच्याबद्दल काहीतरी ठरवत असतं. इथे तुमच्याबद्दल कुणीच काही ठरवत नाही. तुमचा क्रमांक ठरलेला आहे, जागा ठरलेल्या आहेत. वाट पाहायची ती वरच्या क्रमांकाची माणसं काय करतात याची. नागपूरच्या कुण्या अनोळखी मुलीला दिल्लीच्या यादीतून चांगलं कॉलेज मिळालं आणि तिने राज्यातली जागा सोडली, तर एक साखळी हलते. पंधरावीस घरं हलत हलत ती कधीतरी मालवणच्या एका घरापर्यंत येते. किंवा अलीकडेच थांबते.

ही साखळी कशी चालते ते मालवणातल्या पालकांना आता तोंडपाठ झालंय. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर, दिल्लीची समिती भरते. ही १९८० च्या दशकातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची देणगी. उरलेल्या ८५ टक्के राज्याचा सीईटी सेल भरतो. दिल्लीची पहिली फेरी झाल्याशिवाय राज्याची पुढे सरकत नाही आणि दिल्लीची लांबली की मुंबईची आपोआप लांबते. आधी नोंदणी, मग कागदपत्रं, मग तात्पुरती यादी, मग पसंतीक्रम, मग पहिला राऊंड. पहिल्या राऊंडला मिळालेली जागा सोडता येते. घेतली आणि आणखी चांगल्याची आशा असली तर ‘बेटरमेंट’साठी थांबायचं, समाधान असेल तर ‘स्टेटस रिटेन्शन’चा फॉर्म भरून मोकळं व्हायचं. पुढच्या राऊंडांना सोडलं तर अनामत जाते. शेवटी उरल्यासुरल्या जागांचा ‘स्ट्रे’ राऊंड. त्यात मिळालेली जागा नाकारली तर दंडाचा बडगा. नियम दरवर्षी थोडे बदलतात, आणि बदलले की माहितीपत्रकाच्या कुठल्यातरी पानावर बदलतात. पुस्तिका इतकी मन लावून वाचणारी माणसं मी कोर्टातही पाहिली नाहीत, पण मालवणच्या भरड नाक्यावर पाहिली आहेत.

तारकर्लीच्या रस्त्याला लागून असलेलं एक घर. वडिलांची होडी आहे; पर्यटकांचा हंगाम असला की ती किल्ल्याच्या बाजूला माणसं नेते, एरवी मासेमारी. मुलगी बारावीला पंच्याण्णव टक्क्यांच्या घरातली. पसंतीक्रम भरायचा तो एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर आधी कच्चा लिहिला होता. डावीकडे कॉलेजांची नावं, उजवीकडे वडिलांच्या अक्षरात गाडी. जिल्ह्यातल्याच ओरोसपुढे ‘घर’. कोल्हापूर आणि मिरजेपुढे ‘यष्टी, गगनबावडा’. रत्नागिरी आणि अलिबागपुढे ‘रेल्वे/यष्टी’. मुंबईतल्या सगळ्या नावांपुढे एकच कंस आणि ‘मामा’. खाली खाली जाताना नंदुरबार, गोंदिया, गडचिरोली येतात. त्यांच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मुलीचा क्रम वेगळा होता. तिने गेल्या वर्षी कुठलं कॉलेज कितव्या क्रमांकावर बंद झालं, याचा तक्ता करून ठेवला होता. बापलेकीची दोन पानं समोरासमोर ठेवून, मधे पेन्सिल घेऊन मायलेकी बसल्या होत्या. बाप ओसरीवर जाळं शिवत होता आणि अधूनमधून आत बघून विचारत होता, गोंदिया म्हणजे नक्की खंय?

तो तक्ता निरुपयोगी ठरला, हे सांगायला वाईट वाटतं. २०२४ ला गुणांचा महापूर आला होता. आदल्या वर्षी ज्या गुणांवर सरकारी कॉलेज सहज मिळालं असतं, तेवढे गुण घेऊन मुलं रडत होती. २०२५ ला भौतिकशास्त्राच्या पेपरने असा हिसका दिला की देशात पहिला आलेल्यालाही ७२० पैकी ६८६ च पडले, आणि आता गुण कमी दिसत असूनही क्रमांक बरे आले. गेल्या वर्षीचं गणित या वर्षी लागू पडत नाही. त्यात मधेच जागा वाढतात. २०२४ ला राज्यात दहा नवी सरकारी कॉलेजं आली. त्यातल्या काहींच्या परवानग्या प्रवेशफेऱ्या चालू असताना आल्या आणि ९ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी त्या सगळ्यांचं एकत्र उद्घाटन केलं. बुलढाणा, वाशीम, हिंगोली, जालना अशी नावं पसंतीच्या यादीत ऐनवेळी आली. ज्यांनी धीर सोडून आधीच खासगीत किंवा बीडीएसला पैसे भरले होते, त्यांनी कपाळावर हात मारला. ज्यांना धीर धरणं परवडत होतं, त्यांचं भलं झालं.

हे परवडणं, न परवडणं हाच या गोष्टीतला कळीचा मुद्दा आहे.

मालवणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक थांबते, स्कूबा डायव्हिंग थांबतं, तारकर्ली-देवबागच्या निवास-न्याहारीच्या खोल्यांना कुलपं लागतात. म्हणजे नीटचा निकाल लागतो तो नेमका घरातला पैसा आटलेला असताना. आणि त्याच दिवसांत रिपीटरच्या बॅचा सुरू होतात. जागा मिळणार की नाही हे कळायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडणार. पण पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर लातूरच्या, कोट्याच्या किंवा पुण्याच्या क्लासची फी जून-जुलैत भरायला हवी. क्लासची फी, खोली, मेस मिळून हिशेब लाखांत जातो. भरले आणि मग जागा मिळाली, तर त्यातले किती परत मिळतील ते क्लासवाल्याच्या मर्जीवर. नाही भरले आणि जागा नाही मिळाली, तर मुलगी दोनतीन महिने मागे पडली. डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अधिकारी यांच्या घरात हा पेच पडत नाही. तिथे दोन्हीकडे पैसे भरून निवांत बसता येतं. वाट सगळेच पाहतात, पण ती बघायचा खर्च सगळ्यांना सारखा पडत नाही. गुणवत्तायादीत हा खर्च कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

कोकणातल्या मुलांच्या हुशारीबद्दल कुणाला शंका असेल तर बारावीचे निकाल बघावेत. कोकण विभागीय मंडळ स्थापन होऊन त्याचा पहिला निकाल लागला २०१२ मध्ये. तेव्हापासून निकालाच्या टक्केवारीत राज्यात पहिला नंबर कोकणाचाच. २०२४ ला कोकण ९७.५१, राज्य ९३.३७. २०२५ ला कोकण ९६.७४, राज्य ९१.८८. दरवर्षी मे महिन्यात या बातमीवर पेढे वाटले जातात. आणि दरवर्षी नीटच्या निकालानंतर तेच पालक गप्प होतात. पास होणाऱ्यांची टक्केवारी आणि लाखांच्या झुंडीत पुढे निघणारे यांचा संबंध फार थोडा. २०२४ ला नीटला बसले २३ लाखांवर. एमबीबीएसच्या देशभरच्या सगळ्या जागा लाखाहून थोड्याच अधिक. अकरावी-बारावी गावात करायची की दहावी झाल्याझाल्या पोराला घाटावर पाठवायचं, हा प्रश्न आता मालवण, कणकवली, कुडाळात आठवीपासूनच सुरू होतो.

कागदांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. राखीव प्रवर्गातल्या मुलाला जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याची समिती सिंधुदुर्गनगरीत. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, वडिलांच्या बाजूचा पुरावा हवा. इथे कोकणाची म्हणून एक खास गोम आहे. आजोबा गिरणीत होते, त्यांचं नाव गिरगाव-परळच्या कुठल्यातरी पालिका शाळेत, तेही गावावरून पाडलेल्या आडनावाने. गावच्या शाळेच्या रजिस्टरात मूळ आडनाव, सातबारावर तिसरंच काहीतरी. हे तिघं एकच असल्याचं सिद्ध करायला मुलीचा काका मुंबईत शाळेचा उतारा काढायला जातो, आणि शाळाच बंद होऊन दुसऱ्या शाळेत विलीन झालेली असते. इकडे सेतू केंद्रात नॉन-क्रीमी लेयरसाठी रांग. नेट गेलेलं असतं, किंवा नेट असतं आणि वीज गेलेली असते; जुलैत मालवणात दोन्ही एकत्र असणं हा योग मानतात. जीवशास्त्राचा अभ्यास दोन वर्षं केलेली मुलगी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र हातात घेऊन तहसील कार्यालयाच्या बाकावर बसलेली असते. हे काम अकरावीतच उरकून घ्या, असं शाळा सांगतात. ऐकणारे ऐकतात.

आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांकडे हा विषय काढला की ते हसतात. त्यांच्या वेळी बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या गुणांवर प्रवेश व्हायचे. १९९९ पासून राज्याची सीईटी आली. नीट पहिल्यांदा २०१३ ला झाली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. मग अध्यादेश निघून महाराष्ट्राच्या सरकारी जागांना त्या एका वर्षापुरती सूट मिळाली. २०१७ पासून सुटका नाही. २०१६ च्या त्या गोंधळात नक्की कुठली परीक्षा द्यायची आहे हेच माहीत नसलेली एक अख्खी बॅच महाराष्ट्रात होती. आज ती मुलं डॉक्टर झाली असतील.

आणि खरीखुरी मुलाखत? ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी होती. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. सुरुवातीच्या काळात तिथे मुलांना समोर बसवून विचारलं जायचं, की बाबा खेड्यात राहशील का. पुढे प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर होता, आणि निवड झालेल्यांना आधी आश्रमात राहून सूतकताई, श्रमदान, सफाई करावी लागे. ही स्वतंत्र परीक्षा नीटच्या रेट्यात गेली. दुसरं ठिकाण अजून टिकून आहे: पुण्याच्या वानवडीतलं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. १९४८ चं. तिथे नीटच्या गुणांवर गाळलेली मुलं बोलावतात. मग इंग्रजी आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शेवटी लष्करी पद्धतीची वैद्यकीय तपासणी. फी नाही, पण पुढे सैन्यात नोकरी करण्याचा करार. मुलींना जागा ३०. कोकणाला सैन्याची परंपरा आहे, त्यामुळे माजी सैनिकांच्या घरांतून या तीसांवर डोळा असतो. वानवडीहून मुलाखत देऊन आलेली मुलगी निदान असं तरी म्हणू शकते, की मला अमुक विचारलं आणि मी तमुक सांगितलं. नकार आला तरी तो कशामुळे आला असेल याचा विचार करायला काहीतरी हाती असतं.

म्हणून मुलाखतच बरी होती, असं म्हणायची सोय नाही. मुलाखतीत ओळखीचा माणूस निघतो, इंग्रजी फाडफाड बोलणारा पुढे जातो आणि मालवणच्या मुलीचं बोलणं ऐकून पॅनेलवरचा गृहस्थ गालात हसतो. आपल्याकडे खासगी कॉलेजांच्या आरंभीच्या दिवसांत ‘मुलाखत’ या नावाखाली काय काय चालत असे, ते देणगीच्या पावत्या न मिळालेल्या पालकांना ठाऊक आहे. १९८७ साली राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला तो उगाच नव्हे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला यावर एक तोड काढली: एकाच पॅनेलऐवजी दहाएक खोल्या, प्रत्येकीत वेगळा परीक्षक, प्रत्येकी काही मिनिटं, म्हणजे एकाची खप्पामर्जी झाली तरी सगळं बुडत नाही. आता ती पद्धत जगभर आहे. आपल्याकडे वीसबावीस लाख मुलांना दहा खोल्यांतून फिरवायचं म्हटलं तर त्यासाठी वेगळं मंत्रालय काढावं लागेल.

हॉलंडने तर १९७२ पासून सरळ सोडत काढली. जास्त गुणवाल्यांची सोडतीतली शक्यता जास्त, पण शेवटी सोडतच. १९९६ मध्ये शाळेत जवळपास पैकीच्या पैकी गुण मिळवलेली एक मुलगी लागोपाठ तिसऱ्यांदा सोडतीत हरली आणि देशभर गहजब झाला; मग अव्वल गुणांच्या मुलांना सोडतीतून वगळून थेट प्रवेश द्यायचं ठरलं. २०१७ ला सोडत बंद झाली, आणि काही वर्षांनी पुन्हा परवानगी मिळाली, कारण निवडीच्या चाचण्यांचा फायदा पैसेवाल्यांच्याच मुलांना होतो असं तिथल्या लोकांच्या लक्षात आलं.

हे मालवणात सांगितलं तर कुणाला नवल वाटणार नाही. इथे मोठमोठे निर्णय देवाला कौल लावून होतात. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा लाखांची, पण तिची तारीख पंचांगात छापलेली नसते. दरवर्षी देवीचा कौल घेऊन ती ठरते: २०२३ ला ४ फेब्रुवारी, २०२४ ला २ मार्च, २०२५ ला २२ फेब्रुवारी. तारीख कळेपर्यंत मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या आरक्षणावर बोट ठेवून बसलेले असतात. त्या वाट पाहण्यात कटकट आहे, जाच नाही. कौल सर्वांसमोर लागतो, पाकळी उजवी पडली की डावी ते सगळे बघतात, आणि ठरलेली तारीख मग हलत नाही. सीईटी सेलचं वेळापत्रक रात्री साडेअकराला संकेतस्थळावर येतं, आणि परवा आलेलं आज ‘सुधारित’ होतं. ज्यांचं सगळं आयुष्य त्या तारखांना बांधलेलं आहे, त्यांना बदलाचं कारण कळवायची पद्धत नाही. माझी तक्रार परीक्षेबद्दल नाही आणि क्रमांकाबद्दलही नाही. ती एवढीच आहे.

आता जिल्ह्याच्या बाजूने बघू. मालवणहून कसालच्या रस्त्याला लागलं की पडवे येतं. तिथे राणे यांच्या संस्थेचं खासगी वैद्यकीय महाविद्यालय आणि लाइफटाइम हॉस्पिटल आहे. ७ फेब्रुवारी २०२१ ला अमित शहा त्याच्या उद्घाटनाला आले होते. पुढे कसालला महामार्ग लागतो, तिथून दक्षिणेला वळलं की थोड्याच वेळात ओरोस, जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडून उभं राहिलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तासाभराच्या एका रस्त्यावर दोन मेडिकल कॉलेजं. १९८१ च्या १ मेला रत्नागिरीतून वेगळा काढलेला हा जिल्हा चाळीस वर्षं एकाही सरकारी मेडिकल कॉलेजविना होता. या चाळीस वर्षांत माणूस गंभीर झाला की गाडी गोव्याकडे वळायची, बांबोळीला. मालवणहून शंभरावर किलोमीटर. गोव्याचं ते कॉलेज पोर्तुगिजांच्या १८४२ च्या वैद्यकशाळेचा वारस. सिंधुदुर्गाची चारपाच पिढ्यांची बाळंतपणं, अपघात आणि कॅन्सर त्याने पाहिले आहेत. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडी भाग पेटून उठला. आपल्याच राज्यात मोठं सरकारी रुग्णालय का नाही, हा प्रश्न त्या आंदोलनांत पहिल्यांदा खणखणीत विचारला गेला.

ओरोसचं सरकारी कॉलेज २०२१-२२ च्या वर्षात १०० जागांनी सुरू झालं. ते वर्षही मुलखावेगळं. करोनामुळे परीक्षा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली, निकाल १ नोव्हेंबरला लागला, आणि मग आर्थिक दुर्बल घटकांची आठ लाखांची मर्यादा व देशपातळीवरच्या जागांतलं ओबीसी आरक्षण यावरून सर्वोच्च न्यायालयात सगळं अडकलं. ७ जानेवारी २०२२ ला अंतरिम आदेश आला आणि वर्ग भरायला फेब्रुवारी उजाडला. त्या मुलांनी परीक्षेपासून पहिल्या तासापर्यंत पाच महिने काढले.

कॉलेज आलं म्हणून मालवणच्या मुलीला त्यात जागा मिळते असं मात्र नाही. शंभरातल्या पंधरा दिल्लीच्या, पंच्याऐंशी राज्याच्या, जिल्ह्याच्या शून्य. पूर्वी महाराष्ट्रात ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, पण त्यातही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीनच भाग. कोकण ‘उर्वरित’मध्ये, म्हणजे मुंबई-पुण्याच्या मुलांशी झुंजायला. सप्टेंबर २०२० मध्ये तोही गेला. आज ओरोसच्या वसतिगृहात लातूर, नांदेड, बीड, जळगावच्या मुलांची बोली ऐकू येते, आणि सिंधुदुर्गातली मुलगी गोंदियात ‘आमच्याकडे’ म्हणून नारळाचं झाड कसं असतं ते सांगत असते. यात वाईट काही नाही. उलट डॉक्टर होणाऱ्याने चार जिल्हे पाहावेत. पण ज्या हॉस्पिटलसाठी लोकांनी आंदोलनं केली, त्यात आपलं माणूस डॉक्टर म्हणून दिसेल ही आशा त्या आंदोलनात होतीच, ती कुणी मांडली नाही एवढंच.

२०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले. फेऱ्या संपल्या नव्हत्याच. ज्या घरात नीटचं पोर आहे त्या घराला गणपतीचे दिवस जरा जडच जातात. मुंबईहून आलेल्या आत्या, काकी, शेजारचे म्हातारे, आरतीला आलेली मंडळी, सगळ्यांचा प्रश्न एकच. चेडवाचा काय झाला? आईचं उत्तर तयार असतं, वर्षानुवर्षं जिल्हाभर तेच दिलं जातं: फुडच्या राऊंडाक गावतला. मग कुणीतरी आपल्या भाच्याचं सांगतो, त्याला शेवटच्या राऊंडला कसं मिळालं ते. दुसरा कुणीतरी सावंतवाडीच्या आयुर्वेद कॉलेजचं नाव काढतो. बीएएमएस काय वाईट, दवाखाना तर तसाही चालतो. मुलगी मोदकाचं ताट घेऊन आत जाते. मी अशा घरांत त्या दिवसांत हा प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं. तो न विचारल्यामुळे आई स्वतःच सांगत बसते, असा अनुभव आहे.

तारकर्लीच्या रस्त्यावरच्या त्या मुलीचं नाव दुसऱ्या राऊंडला आलं नाही. तिसऱ्याला लागलं, विदर्भातल्या एका नव्या सरकारी कॉलेजात, त्या वहीत ज्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं अशा ठिकाणी. रुजू व्हायला मुदत थोडी, गाडीला आरक्षण नाही. बापाने होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे काढून मुंबईपर्यंत रेल्वे आणि पुढे जनरलने दोघं गेली. मूळ कागदपत्रांचा गठ्ठा प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घालून, मासे नेतात तसा पक्का बांधला होता. कॉलेजात एक झेरॉक्स कमी पडली, ती समोरच्या दुकानात दोन रुपयांत मिळाली.

साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप झाली की महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सरकारी सेवा बंधनकारक आहे. ती टाळायची तर १० लाख रुपये भरायचे. सिंधुदुर्गातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत डॉक्टर हवेच आहेत. मुलीच्या आजीने निघताना तिला तेवढंच विचारलं होतं, शिकान झाला काय हंयच येतलंस मां? बाँडची नेमणूक कुठे मिळणार हेही यादीवरच ठरतं, आणि त्या यादीसाठीही पसंतीक्रम भरावा लागतो.